गुलबक्षीची सेकंड शिफ्ट

उल्हासनगरला मी गेले होते पडद्याचं कापड आणायला आणि परत आले ते पर्समध्ये ओल्या रुमालात गुंडाळलेल्या काड्या घेऊन. कापड राहूनच गेलं. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "पडदा?" मी रुमाल उघडून दाखवला. त्याने काड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता चहा टाकायला गेला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस कुठे बोलायचं आणि कुठे चहा टाकायचा हे बरोबर ओळखतो.

पडदा हवा होता बाबांच्या खिडकीला. बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याकडे बदलापूरलाच असतात. आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे आणि बाबांची खोली मागच्या बाजूला. त्यांची खिडकी उघडते ती बिल्डिंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या लांबट पट्टीवर. बिल्डर गेला तेव्हा त्या पट्टीत फुटक्या लाद्या, सिमेंटची गोणी दगड होऊन बसलेली आणि एक तुटका कमोड एवढा ऐवज ठेवून गेला होता. बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ते वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. दाराबाहेरच्या पायऱ्या उतरायची त्यांची तयारी नव्हती. डॉक्टर उतरा म्हणत होते, मी म्हणत होते, पण ते हातानेच नको म्हणायचे. त्यामुळे आम्ही दोघं कामाला गेलो की दिवसभर ते, खुर्ची आणि ती खिडकी.

एक दिवस ते सहज म्हणाले, "एक पडदा लाव इथे. बघण्यासारखं काय आहे?"

मला ते फार लागलं. ज्या माणसाने अंबरनाथला मोरिवलीजवळच्या कारखान्यात सगळं आयुष्य मशीनसमोर काढलं, त्याच्या वाट्याला म्हातारपणी तुटका कमोड! त्यात सोसायटीत कुजबुज सुरू होतीच, की मागच्या पट्टीत पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि गाड्या लावायच्या. म्हणजे बाबांच्या तोंडासमोर कुणाचातरी बंपर आणि खोलीत धूर. मी चिडून पडद्याचं कापड आणायला निघाले.

कापडाच्या दुकानाच्या पायरीवर रंगाचा एक जुना डबा होता आणि त्या डब्यातून फुलं बाहेर सांडत होती. गुलाबी, पिवळी, केशरी, पांढरी! भर दुपारचं ऊन, रस्त्यावर टेम्पोंचे हॉर्न, आणि डबा असा पेटलेला की माझे पाय तिथेच थांबले. ऑफिस टाइम! आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असलेलं फूल. जमिनीलगत पसरतं, पानं जाडसर सुईसारखी, काडी मोडून खोचली की लागते, आणि चोरून आणलेली असेल तर हमखास लागते असं माझी आई म्हणायची. मी इकडेतिकडे बघितलं आणि वाकून एक गुलाबी काडी तोडली.

"दीदी," आतून आवाज आला, "चोरी करनी है तो ढंग से करो. पीला भी लो, वो जल्दी फैलता है."

सिंधी दुकानदार गल्ल्यावर बसून हसत होता. माझा चेहरा गुलाबी काडीहून गुलाबी झाला असणार. मग त्याने स्वतःच उठून चार रंगांच्या काड्या तोडून दिल्या. मी ओशाळून म्हटलं, की पडद्याचं कापड पण बघते. तो म्हणाला, "अरे ये लगाओ, फिर परदा कौन खींचेगा?" मी जी तिथून पळाले ती थेट रिक्षात!

पुढचे कितीतरी शनिवार-रविवार आम्ही दोघं त्या पट्टीत वाकलेले होतो. लाद्या काढल्या, सिमेंटचा दगड पहारीने फोडला, कमोड भंगारवाल्यानेही नेला नाही म्हणून त्यातच सदाफुली लावून तो कोपऱ्यात ठेवून दिला. नवरा म्हणाला, "पाहुण्यांना सांगू नकोस ही कुंडी कसली आहे." लाल माती आणली, वर शेणखत पसरलं आणि काड्या खोचल्या. मी बोटभर काडीचे तीन तुकडे करायची आणि तिन्ही लागायचे! असं आज्ञाधारक झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. दसऱ्याच्या सुमाराला पट्टीवर हिरवी साय धरली आणि एका रविवारी, आम्ही नाश्ता करत असताना, बाबांच्या खोलीतून हाक आली, "ए, इकडे ये. ड्युटीवर आलेत."

मी हातातला पोह्यांचा चमचा घेऊनच धावले. कळ्या उघडत होत्या. ऊन सरकत खिडकीखाली येत होतं आणि जिथे येत होतं तिथे फुलं उमलत होती. मी टाळ्या वाजवल्या. अगदी खरंच वाजवल्या, पन्नाशीच्या बाईने.

तेव्हापासून बाबा संध्याकाळी मला हजेरी सांगायला लागले. "आज पूर्ण स्ट्रेंथ होती." "आज पिवळे निम्मे रजेवर." "ढग होता, सगळ्यांनी लेट मार्क घेतला." दिवसभराचं विचारल्यावर आधी "काय असणार?" म्हणणारा माणूस आता मी चपला काढायच्या आत बोलायला लागायचा. मला त्या फुलांचे पाय धरावेसे वाटायचे.

आणि मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. माणूस वाईट नाही. तिसऱ्या मजल्यावर राहतात, पहाटेच मुंबईला जातात, रात्रीच्या जेवणाला परत. त्यांची गाडी रस्त्यावर उभी असते आणि तिला कुणीतरी लांबलचक ओरखडा काढला होता, त्याचं दुःख ते जिन्यात भेटेल त्याला सांगायचे. म्हणाले, "मॅडम, झाडं-बिडं ठीक आहे, पण पार्किंगचं काय? कमिटीत पेव्हर ब्लॉकचं जवळजवळ फायनल आहे."

माझा पारा चढायला फार काही लागत नाही. मी म्हटलं, "आधी येऊन बघा. दिवाळी होऊ दे, सगळ्या कमिटीला घेऊन या. गालिचा दाखवते गालिचा!"

"दिवाळीनंतरच्या रविवारी येतो," ते म्हणाले. "पण संध्याकाळी हं. सकाळी मटण आणायचं असतं, मग कुणी हलत नाही."

"या की संध्याकाळी!" मी म्हटलं.

आता हे वाचणाऱ्या कुणालाही कळलं असेल की मी काय करून बसले होते. मला मात्र कळलं नाही. जन्मभर ऑफिस टाइम, ऑफिस टाइम म्हणत आले, पण त्या नावात उमलायची-मिटायची वेळ सांगितलेली आहे हे डोक्यातच येत नाही. नाव तोंडात बसलं की त्याचा अर्थ कानात शिरत नाही. मी रविवारी पट्टी झाडली, कडेने विटा तिरक्या लावल्या, बिस्किटं काढून ठेवली. दुपारी थोडी लवंडले. उठले तर कमिटी दारात!

मागे जाऊन बघते तो काय, एक फूल उघडं असेल तर शपथ. भिजवून पिळलेल्या कागदाच्या गुंडाळ्यांसारखं सगळं मिटून पडलेलं. सेक्रेटरींनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कमोडकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"गालिचा कुठाय?"

मी घाईघाईने मोबाइलवर फोटो दाखवायला लागले. "हे बघा, आज सकाळचाच आहे!" कमिटीतले एक जण म्हणाले, "मॅडम, फोटो तर गुगलवर पण भेटतात." मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि रागही येत होता. सगळ्यात जास्त राग त्या फुलांचा, की एक दिवस, एकच दिवस थोडं थांबायला काय झालं होतं!

तेवढ्यात खिडकीतून बाबा म्हणाले, "त्यांची शिफ्ट सुटली. सकाळी दहाला या."

सेक्रेटरी हसले. "काका, दहाला कोण असतं घरी?"

"मी असतो," बाबा म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नव्हता, विनवणीचाही नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बरं, संक्रांतीनंतर जनरल बॉडी आहे, तिथे ठरवू. पण मॅडम, तुम्हीच विचार करा. जे फूल आम्हाला कधी दिसणारच नाही, त्याच्यासाठी जागा कशी सोडायची?" बिस्किटं मात्र सगळी संपवून गेले.

मी खोलीत येऊन बडबड सुरू केली. कमिटी कशी, माणसं कशी, गाड्या कशा. बाबांनी मला बोलून घेऊ दिलं आणि मग म्हणाले, "चूक तुझी आहे. तू सगळी जनरल शिफ्टच भरलीस. ती गेली की मशीन उघडं. रिलिव्हर कुठाय?"

रिलिव्हर! आमच्या लहानपणी घरात देवाच्या खालोखाल दरारा होता तो रिलिव्हरचा. कारखान्यात पुढच्या पाळीचा माणूस येऊन मशीनचा चार्ज घेत नाही, तोवर आधीच्या पाळीच्या माणसाने जागेवरून हलायचं नाही. माझ्या वाढदिवसाला बाबा नाहीत, का? रिलिव्हर आला नाही. शाळेच्या गॅदरिंगला आई एकटीच, का? रिलिव्हर आला नाही. त्या न आलेल्या माणसाला मी लहानपणी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्यात! आणि आता बाबा फुलांना रिलिव्हर मागत होते.

"संध्याकाळी उमलणारं काहीतरी लाव," ते म्हणाले. "सेकंड शिफ्ट."

"गुलबक्षी!" मी इतक्या जोरात ओरडले की नवरा स्वयंपाकघरातून धावत आला.

गुलबक्षी म्हणजे ऑफिस टाइमच्या बरोबर उलट. ऊन उतरलं की उघडते, रात्रभर जागते आणि सकाळी उन्हाची चाहूल लागली की मिटते. एकदा लावली की जमिनीत कंद धरून बसते, वरून वाळली तरी पुन्हा फुटते. बियांपासून करायला वेळ नव्हता, मला कंदच हवे होते. नर्सरीत गेले तर नर्सरीवाला हसला, म्हणे गुलबक्षी कोण विकत घेतं! शेवटी चामटोलीहून बदलापूरला भाजी घेऊन येणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांच्याकडून मी कायम माठ आणि मुळा घेते.

"गुलबास?" मावशी म्हणाल्या. "ती काय इकत घेवाची गोष्ट हाय? आमचे उकिरड्याव नुसती माजलीय. कवरी पायजे तुला?"

"जेवढी येईल तेवढी!"

दोन दिवसांनी त्यांनी माठाच्या जुड्यांखालून काळपट, मुळ्यासारखे जाडजूड कंद काढून माझ्या पिशवीत ओतले. वर म्हणाल्या, "आन नवऱ्याला सांगू नको उकिरड्यावची हाय." मी मनात म्हटलं, आमच्याकडे तर कमोडमध्ये सदाफुली आहे, कसला उकिरडा घेऊन बसलात!

भिंतीच्या कडेने कंद लावले आणि माझी झोप उडाली. थंडी सुरू झाली होती. येतील का, संक्रांतीपर्यंत फुलतील का? कोंब आले तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना पेढे द्यायच्या बेतात होते. कळ्या दिसायला लागल्यावर तर रोज संध्याकाळी ऑफिसातून बाबांना फोन, "उघडली का?"

"दमानं घे. गेटपर्यंत आलीय, पंचिंग बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "उघडली?"

"तुला ऑफिसात दुसरं काम नसतं का गं?"

आणि मग एका संध्याकाळी माझाच फोन वाजला. बाबांचा. बाबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत. पडले की काय परत? मी फोन उचलला.

"सेकंड शिफ्ट हजर," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी खुर्चीतच नाचले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, क्या हुआ, प्रमोशन?" मी म्हटलं, त्याहून मोठं!

आता जनरल बॉडी तोंडावर होती आणि मध्ये संक्रांत. त्या वर्षी मी हळदीकुंकू हॉलमध्ये न करता मागच्या पट्टीत केलं. संध्याकाळी सतरंजी अंथरली, बाबांच्या खिडकीत दिवा लावला. गुलबक्षी राणी रंगात, पिवळ्या रंगात आणि एक तर अर्धी अशी, अर्धी तशी, शिंतोडे उडालेली! मंद वास भिंतीच्या कडेने फिरत होता. वाण म्हणून मी कागदी कपात माती घालून ऑफिस टाइमची एकेक काडी दिली. बिल्डिंगमधल्या बायका आल्या, नाकाला गुलबक्षी लावून बघत होत्या, खिडकीच्या गजांतून हात घालून बाबांना तिळगूळ देत होत्या. माझ्या मनात धाकधूक, की आता ह्यांना पार्किंगचं कसं समजावू?

तेवढ्यात सेक्रेटरींच्या बायकोने हातातल्या कपाकडे बघितलं आणि म्हणाली, "अय्या, हा तोच गुलाबी ना, काकांचा सुपरवायझर?"

"काय?" मी म्हटलं.

"अहो, काकांनीच सांगितलं. गुलाबी सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात शेवटी जातो, म्हणून सुपरवायझर. मी रोज कुकर लावला की मागच्या गॅलरीत येते ना बघायला."

दुसरी म्हणाली, "मी कपडे वाळत घालताना विचारते, काका, आज पांढरे कुठेत? काका म्हणतात, गावाला गेलेत."

तिसरी सांगू लागली, की तिची सासू दुपारचं जेवणाचं ताट गॅलरीतच घेऊन बसते आणि वरून काकांशी जुन्या कारखान्यांच्या गप्पा मारते. मी एकेकीचं तोंड बघत राहिले. मी समजत होते की दिवसभर बाबा, खुर्ची आणि खिडकी. आणि इकडे चारही मजल्यांच्या मागच्या गॅलऱ्या रोज त्या पट्टीवर वाकत होत्या, बोलत होत्या, हसत होत्या! मी खिडकीकडे वळले. बाबा तिळगूळ चघळत होते, जणू काही त्यांचा ह्याच्याशी संबंधच नाही.

"बाबा, मला सांगितलं नाहीत!"

"तू फुलांची हजेरी विचारायचीस," ते म्हणाले. "माणसांची कुठे विचारलीस?"

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले आणि त्यात हसूही येत होतं, सगळं एकदम.

जनरल बॉडी गेटजवळच्या मोकळ्या जागेत भरली. एरवी मीटिंगला पुरुषच येतात आणि पाण्याच्या टँकरवरून भांडून जातात. त्या दिवशी बायका खुर्च्या घेऊन पुढे येऊन बसल्या. पेव्हर ब्लॉकचा विषय निघाला. मी भाषण पाठ करून आले होते, पण उठायच्या आतच सेक्रेटरींची बायको उभी राहिली. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "दहाला कोण असतं घरी, असं तुम्ही विचारलं होतं म्हणे. जे असतात त्यांनी हात वर करा."

हातच हात! बायका, सासवा, घरून काम करणारा तळमजल्यावरचा समोरचा मुलगा, रिटायर झालेले दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा. सेक्रेटरी त्या हातांकडे असे बघत होते, जसं काही त्यांना त्यांच्याच बिल्डिंगमध्ये परक्या वस्तीची बातमी मिळाली होती. शेवटी ठरलं, की गेटजवळच्या तुकड्यावर पेव्हर ब्लॉक टाकायचे आणि बाबांच्या खिडकीपासून शेवटपर्यंत माती ती माती. मीटिंग उठताना सेक्रेटरी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, ती संध्याकाळवाली... मी सकाळी निघतो तेव्हा उघडी असते का?"

"असते की," मी म्हटलं. "तुम्ही निघेपर्यंत तिची ड्युटी सुटत नाही."

"मग गेटपाशी पण एक लावा."

मी घरात अक्षरशः धावत आले. "बाबा, जिंकलो! खिडकी आपली!" ते खुर्चीत बसले होते, समोर गुलबक्षी उघडत होती. त्यांनी मान हलवली. मग दोन्ही हात वॉकरवर ठेवून उठले आणि मला म्हणाले, "बस इथे."

"कुठे?"

"माझ्या खुर्चीत. चार्ज घे. पिवळ्यांना पाणी कमी पडलंय, तेवढं बघ." आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाले, "चला जावईबापू, जरा पायऱ्यांपर्यंत हात द्या."

मी उठायला लागले, तर त्यांनी डोळे वटारले, तसे मी बसले. वॉकरचा आवाज हॉलमधून गेला, दारापाशी थांबला. मग पायरी. मग बराच वेळ काहीच नाही आणि मग पुन्हा पायरी. आणि थोड्या वेळाने भिंतीच्या कोपऱ्यावरून आधी वॉकर दिसला, मग नवऱ्याचा हात, मग बाबा. पट्टीत येऊन ते उभे राहिले. घामाघूम झाले होते. त्यांनी एक गुलबक्षी तोडून नाकाशी धरली आणि खिडकीतल्या माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले.

"इतके दिवस का नाही उतरलात?" मी गजांतून विचारलं.

"कसा उतरणार?" बाबा म्हणाले. "रिलिव्हर आला नव्हता."